सदतीस किलोमीटरवरची पावती

वाय-फायचे पहिले मानक १९९७ साली प्रसिद्ध झाले आणि सेकंदाला ११ मेगाबिट वेग देणारी त्याची सुधारित आवृत्ती १९९९ साली आली. ती लिहिणाऱ्या अभियंत्यांच्या डोळ्यांसमोर एक इमारत होती. काही खोल्या, काही संगणक, छताजवळ बसवलेला एक संच आणि सगळे अंतर फार तर शंभरेक मीटरचे. लहरीला हवेतून पोचायला लागणारा वेळ म्हणून त्या मानकाच्या हिशेबात एक मायक्रोसेकंद धरलेला होता. रेडिओलहरी तेवढ्या वेळात ३०० मीटर जातात. कार्यालयासाठी ही तरतूद पुरून उरणारी होती.

त्यानंतर काही वर्षांतच हीच स्वस्त कार्डे उत्तर प्रदेशात मनोऱ्यांवरच्या अँटेनांना जोडली गेली आणि त्यांच्याकडून ३७ किलोमीटरपर्यंतचा संवाद अपेक्षिला गेला. संदेश पोचत होते. मात्र कार्डावर छापलेला वेग आणि दर सेकंदाला प्रत्यक्ष हाती येणारी माहिती, म्हणजे थ्रूपुट, यांच्यात मोठी तफावत पडे. ही तफावत का पडते आणि ती कशी भरून काढायची, या प्रश्नावर भारतातील काही गावांच्या आकाशात जे संशोधन झाले, त्याचा हा इतिहास आहे.

कानपूर: स्वस्त कार्ड, महाग मनोरा

२००२च्या सुमारास आयआयटी कानपूरमध्ये ‘डिजिटल गँजेटिक प्लेन्स’ हा प्रकल्प उभा राहिला. मीडिया लॅब एशियाचे पाठबळ त्याला होते. प्रवीण भागवत, भास्करन रामन आणि धीरज संघी हे त्यातील प्रमुख संशोधक. भागवत यांचे नाव बिनतारी जाळ्यांच्या अभ्यासकांना आधीच परिचित होते. चार्ल्स पर्किन्स यांच्यासह त्यांनी १९९४ साली मांडलेली मार्गनिवडीची पद्धत आजही शिकवली जाते. पुढे त्यांनी बिनतारी जाळ्यांच्या सुरक्षेसाठी स्थापन केलेल्या एअरटाइट नेटवर्क्स या कंपनीचे संशोधनकार्य पुण्यातून चालले.

प्रकल्पामागचा विचार सरळ होता. खेड्यांपर्यंत तार किंवा तंतू नेणे महाग, आणि दूरसंचार कंपन्यांची खास बिनतारी यंत्रे त्याहूनही अवघड. वाय-फायची कार्डे मात्र जगभर लाखोंनी बनत असल्यामुळे स्वस्त झालेली. मग तीच कार्डे दिशादर्शी अँटेनांना जोडून गावागावांत दुवे का बांधू नयेत? त्या काळी २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा घराबाहेर वापरायला परवाना लागे. २००५ साली केंद्र सरकारने तो विशिष्ट शक्तिमर्यादेत परवान्याच्या अटीतून मुक्त केला आणि या मार्गातला एक मोठा अडसर दूर झाला.

इतक्या अंतरावर लहर क्षीण होऊन नाहीशी होईल, ही पहिली शंका कोणालाही येईल. हिशेब करून पाहू. २.४ गिगाहर्ट्झच्या लहरीची लांबी सुमारे साडेबारा सेंटिमीटर असते. १०० मिलिवॅटचा प्रक्षेपक आणि दोन्ही टोकांना शक्ती सुमारे २५० पट एकवटणारी जाळीदार परवलयाकार अँटेना घेतली, तर ३७ किलोमीटरवर अर्धा नॅनोवॅट शक्ती पोचते. हा आकडा नगण्य वाटतो, पण ११ मेगाबिटच्या ग्राहकाला त्याच्या शंभरावा हिस्सादेखील पुरतो. ऊर्जेची चणचण नव्हती.

खरी अडचण होती पृथ्वीच्या गोलाईची. ३७ किलोमीटरच्या दुव्याच्या मध्यावर, वातावरणातील लहरींचे वक्रीभवन जमेस धरूनही, जमिनीचा फुगवटा सुमारे २० मीटर भरतो. शिवाय लहर रेघेसारखी जात नाही. दोन अँटेनांमध्ये ती सिगारच्या आकाराचा अवकाश व्यापते. त्याला फ्रेनेल क्षेत्र म्हणतात. या अंतरासाठी मध्यावर त्याची त्रिज्या ३४ मीटर येते आणि त्यातील निदान ६० टक्के, म्हणजे सुमारे २० मीटर, मोकळी असावी लागते. फुगवटा आणि मोकळीक मिळून ४० मीटर झाले, वाटेतील आंब्या-कडुनिंबांची उंची त्यावर वेगळी. म्हणूनच अशा जाळ्यात कार्डापेक्षा आणि अँटेनापेक्षा मनोऱ्याचा खर्च कितीतरी अधिक होतो. सपाट गंगामैदानात उंच टेकडी आयती मिळत नाही.

पोचलेले पत्र, न आलेली पावती

मनोरे उभे राहिले, अँटेना जुळल्या. आता प्रश्न उरतो तो थ्रूपुटचा. त्याचे उत्तर वाय-फायच्या शिष्टाचारात दडलेले आहे.

वाय-फायमध्ये प्रत्येक पॅकेट पोचल्यावर ग्राहकाने तत्काळ पावती द्यायची असते. पाठवणारा ठरावीक मुदतीपर्यंत थांबतो. तेवढ्यात पावती आली नाही, तर पॅकेट हरवले असे मानून तो तेच पुन्हा पाठवतो. खोलीमध्ये ही मुदत अगदी लहान ठेवली तरी चालते. ३७ किलोमीटरवर मात्र पॅकेटला जायला १२३ मायक्रोसेकंद लागतात आणि पावतीला परतायला तेवढेच. जाऊन येऊन जवळजवळ २४७ मायक्रोसेकंद. मुदत त्याआधीच संपणारी असेल, तर विचित्र प्रसंग ओढवतो. पत्र पोचलेले असते, पावतीही निघालेली असते, पण पाठवणारा तेच पत्र पुन्हा पाठवण्याच्या गडबडीत असतो. आकाशात सारखी वर्दळ दिसते आणि नवे काहीच पोचत नाही.

मुदत वाढवणे हा पहिला उपाय. काही चिपांमध्ये ती वाढवता येते, पण एका मर्यादेपर्यंतच. आणि वाढवता आली तरी थांबण्याचा वेळ वाया जातो तो जातोच. एकही पॅकेट हरवत नाही असे गृहीत धरून १५०० बाइटांच्या पॅकेटचा हिशेब मांडला, तर ११ मेगाबिटच्या जुन्या कार्डावर खोलीत सुमारे ६ मेगाबिट प्रत्यक्ष हाती येतात आणि ३७ किलोमीटरवर साडेपाच. हे नुकसान सोसण्याजोगे आहे. पण ५४ मेगाबिटचे नवे कार्ड घेतले, तर खोलीत मिळणारे सुमारे ३० मेगाबिट तेवढ्याच अंतरावर १९च्या खाली येतात. कारण जलद कार्ड आपले पॅकेट साधारण २५० मायक्रोसेकंदांत बोलून मोकळे होते आणि मग जवळपास तितकाच वेळ पावतीची वाट पाहत बसते. यंत्र जितके जलद, तितका त्याच्या वेळेतील रिकामा वाटा मोठा. अधिक वेगाचे कार्ड विकत घेऊन हा प्रश्न सुटणारा नव्हता.

दुसरा शिष्टाचार ‘आधी ऐका, मग बोला’ हा. वाय-फायचे यंत्र बोलण्यापूर्वी हवेत कोणी बोलत नाही ना, याची चाहूल घेते. जुन्या मानकात या चाहुलीचे माप २० मायक्रोसेकंदांच्या तुकड्यांत होते. आता ३७ किलोमीटरवरचे यंत्र जे ऐकते, ते १२३ मायक्रोसेकंद जुने असते, म्हणजे सहा तुकड्यांइतके शिळे. समोरचा शांत आहे असे वाटते त्या क्षणी तो बोलू लागलेलाही असतो. दोन्ही टोके प्रामाणिकपणे ऐकूनही एकमेकांच्या बोलण्यावर आदळतात.

एकाच मनोऱ्यावरचे शेजारी

कानपूरच्या संशोधकांसमोर तिसरी अडचण आली ती एका मनोऱ्यावर अनेक अँटेना बसवल्यामुळे. एक अँटेना पूर्वेच्या गावाकडे, दुसरी उत्तरेच्या, तिसरी पश्चिमेच्या. दिशादर्शी अँटेनादेखील बाजूंना थोडी शक्ती सांडते. दूरच्या गावाहून येणारा संकेत अर्ध्या नॅनोवॅटचा आणि शेजारचा प्रक्षेपक हाताच्या अंतरावर. शेजारी बोलत असताना दूरचे ऐकू येणे अशक्य. वेगवेगळे चॅनेल वापरावेत, तर या पट्ट्यात एकमेकांत न मिसळणारे चॅनेल जेमतेम तीन.

या अडचणीतच एक संधी आहे, हे भास्करन रामन आणि कामेश्वरी चेब्रोलू यांनी दाखवून दिले. एक बोलत असताना दुसऱ्याला ऐकता येत नाही हे खरे. परंतु सर्व अँटेना एकाच वेळी बोलू शकतात, कारण प्रत्येकीचा श्रोता वेगळ्या दिशेला आहे, आणि सर्व अँटेना एकाच वेळी ऐकूही शकतात. अडथळा आणतो तो वाय-फायचा शिष्टाचार. ‘आधी ऐका’ हा नियम एकत्र बोलू देत नाही आणि ‘तत्काळ पावती द्या’ हा नियम एकत्र ऐकू देत नाही. २००५ साली त्यांनी ‘टू-पी’ हा प्रोटोकॉल मांडला. त्यात हे दोन्ही नियम बाजूला सारले होते. प्रत्येक मनोरा आळीपाळीने दोनच अवस्थांत असतो: सगळ्या दिशांना बोलणे, किंवा सगळ्या दिशांकडून ऐकणे.

याला एक गणिती अट आहे. एक मनोरा बोलत असताना त्याच्याशी जोडलेला प्रत्येक मनोरा ऐकत असला पाहिजे. म्हणजे जाळ्यातील मनोऱ्यांचे दोन गट असे पाडता यावेत की प्रत्येक दुवा एका गटातून दुसऱ्यात जाईल. आलेखशास्त्र शिकणाऱ्या विद्यार्थ्यांना हे द्विभागी आलेखाचे वर्णन ओळखू येईल. गावांची जोडणी झाडाच्या फांद्यांसारखी असेल, तर ही अट आपोआप पाळली जाते. पाठ्यपुस्तकातील एक व्याख्या अशी मनोऱ्यांच्या नकाशावर उतरली. रामन आणि चेब्रोलू पुढे आयआयटी मुंबईत प्राध्यापक झाले आणि ग्रामीण बिनतारी जाळ्यांवरचे त्यांचे संशोधन तेथेही चालू राहिले.

दोष कोणाचा, हे मोजून ठरवणे

प्रोटोकॉल सुधारला तरी काही पॅकेटे हरवतच. ती का हरवतात? अमेरिकेत एमआयटीच्या संशोधकांनी शहरातील छपरांवर उभारलेल्या जाळ्याच्या मोजमापांतून २००४ साली बहुमार्गी प्रसारणाकडे बोट दाखवले होते. भिंतींवरून परावर्तित झालेली लहर मूळ लहरीच्या मागून येते आणि संकेत पुसट करते, असे ते स्पष्टीकरण. तेच कारण कानपूरलाही लागू आहे असे मानून मोकळे होणे सोपे होते. पाऊस, धुके, उष्ण हवा असे आणखीही संशयित होते.

चेब्रोलू, रामन आणि सायंदीप सेन यांनी एक किलोमीटरपासून ३७ किलोमीटरपर्यंतच्या दुव्यांवर सविस्तर मोजमापे केली आणि २००६ साली निष्कर्ष मांडले. समोरासमोर दृष्टी असलेल्या या दुव्यांवर संकेताची शक्ती एका उंबरठ्याच्या वर असेल, तर पॅकेटे जवळपास हरवत नाहीत. हवामानाचा म्हणण्यासारखा परिणाम दिसत नाही. अंतराचाही नाही. जेथे पॅकेटे मोठ्या प्रमाणात हरवत होती, तेथे दोषी होते आसपासचे इतर वाय-फाय संच. उंच मनोऱ्यावर बसवलेली संवेदनशील अँटेना दूरच्या मित्राबरोबर वाटेतल्या अनोळखी माणसांचेही बोलणे ऐकते. इतर संशोधकांनी लांब पल्ल्याच्या दुव्यांवर केलेल्या मोजमापांतूनही बाह्य व्यत्यय हेच मुख्य कारण पुढे आले.

या निष्कर्षाचे व्यावहारिक मोल मोठे होते. कारण बहुमार्गी प्रसारण असते, तर अधिक शक्तिशाली यंत्रे आणि गुंतागुंतीचे ग्राहक लागले असते. कारण व्यत्यय असेल, तर चॅनेल काळजीपूर्वक निवडणे आणि हरवलेल्या पॅकेटांची भरपाई करणे पुरेसे ठरते. चुकीच्या निदानावर खेड्यांचा पैसा खर्च होण्याचे टळले.

थेनी: पडद्यापलीकडचा डॉक्टर

याच सुमारास तामिळनाडूत, पश्चिम घाटाच्या पायथ्याशी असलेल्या थेनी येथे, या प्रश्नाला एक मानवी चेहरा मिळाला. डॉ. गोविंदप्पा वेंकटस्वामी यांनी १९७६ साली मदुराईत ११ खाटांवर सुरू केलेल्या अरविंद नेत्र रुग्णालयाची एक शाखा थेनीत आहे. आसपासच्या गावांत रुग्णालयाने छोटी दृष्टी केंद्रे उघडली. तेथे प्रशिक्षित कर्मचारी रुग्णाचे डोळे तपासतात आणि डॉक्टर रुग्णालयात बसून पडद्यावर रुग्णाशी बोलतात. शस्त्रक्रियेची गरज असेल त्यालाच प्रवास करावा लागतो. मोतीबिंदू झालेल्या शेतमजुराला शहरात यायचे तर स्वतःची मजुरी बुडते आणि सोबत येणाऱ्या नातेवाइकाचीही. केवळ तपासणीसाठी तो बहुधा येतच नाही, आणि उपचाराने परतू शकणारी दृष्टी जाते. चित्र अडखळले, आवाज तुटला, तर ही व्यवस्था कोलमडते. थ्रूपुट येथे उपचाराचा भाग होता.

कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील एरिक ब्रूअर यांच्या गटाने रुग्णालयाबरोबर हे दुवे उभारले. एरवी साध्या वाय-फाय कार्डांवर चालणाऱ्या या दुव्यांसाठी रबिन पात्रा, सर्जिऊ नेदेव्स्की, सोनेश सुराणा, अनमोल शेठ, लक्ष्मीनारायणन सुब्रमण्यन आणि ब्रूअर यांनी ‘वाइल्डनेट’ ही प्रणाली घडवली आणि २००७ साली तिचा शोधनिबंध प्रसिद्ध केला. कानपूरच्या कल्पना त्यांच्यासमोर होत्या. त्यांनी त्या पुढे नेल्या.

वाइल्डनेटमध्ये तीन बदल होते. पहिला, चाहूल घेण्याची पद्धत बंद करून वेळ वाटून घेणे. ठरावीक मिलिसेकंद हे टोक बोलेल, नंतर तेवढेच ते टोक. समजा ही पाळी २० मिलिसेकंदांची आहे. मग ३७ किलोमीटरच्या प्रवासात जाणारे १२३ मायक्रोसेकंद पाळीमागे एकदाच खर्ची पडतात, म्हणजे एका टक्क्याहूनही कमी. पूर्वी हाच दंड प्रत्येक पॅकेटमागे भरावा लागे. दुसरा बदल, प्रत्येक पॅकेटची वेगळी पावती न देता अनेक पॅकेटांची एकत्रित पावती देणे. तिसरा, व्यत्ययाने पॅकेटे हरवत असतील तेथे थोडी जादा माहिती आधीच सोबत पाठवणे, जेणेकरून हरवलेला भाग उरलेल्या भागांवरून पुन्हा रचता येईल. फाइल पाठवताना पुनःप्रेषण चालते. डॉक्टरांशी चाललेल्या संभाषणात पुन्हा पाठवण्याइतकी सवड नसते, तेथे ही आगाऊ तजवीज कामी येते.

फुकट मात्र काहीच मिळत नाही. पाळी लांबवली की थ्रूपुट वाढते, पण आपली पाळी येईपर्यंत पॅकेट थांबून राहते आणि विलंबही वाढतो. संभाषणासाठी पाळी लहान हवी, फाइलींसाठी मोठी. हा समतोल प्रत्येक दुव्याने आपापल्या गरजेनुसार साधायचा असतो.

मूळ वाय-फाय जास्तीत जास्त देऊ शकेल त्याच्या दोन ते पाच पट थ्रूपुट या प्रणालीने मिळवून दिले. कार्डे तीच, अँटेना त्याच, शक्ती तेवढीच. बदलले होते ते नियम. त्याच वर्षी व्हेनेझुएलात एर्मान्नो पिएत्रोसेमोली यांनी अँडीज पर्वतातील शिखरावरून साधलेल्या ३८२ किलोमीटरच्या दुव्यावर या गटाची वेळवाटपाची पद्धत वापरली गेली आणि प्रत्येक दिशेला सुमारे ३ मेगाबिट हाती आले. त्या अंतरावर पावतीची फेरी अडीच मिलिसेकंदांची होते. खोलीच्या नियमांनी तेथे निभावणे शक्यच नव्हते.

जे शोधनिबंधात बसत नाही

थ्रूपुट वाढले, पण दुवे चालू राहणे ही वेगळी परीक्षा होती. २००८ साली याच गटाने थेनी आणि धरमशाला येथील ‘एअरजल्दी’ या जाळ्यांच्या अनुभवावर लिहिले. धरमशालेचे जाळे हिमालयाच्या उतारांवर सुमारे १०,००० लोकांना सेवा देत होते. तेथे प्रश्न विचारला गेला तो साधा होता: बिघाड कशाने होतात? उत्तर रेडिओलहरींच्या शास्त्रात नव्हते. ते विजेच्या तारेत होते. अचानक चढणाऱ्या दाबाने मंडले जळत. दाब खाली गेला की यंत्र ना धड चालू ना धड बंद अशा अवस्थेत अडके आणि ते पुन्हा सुरू करायला कोणाला तरी डोंगर चढून जावे लागे. म्हणून संशोधकांनी कमी दाबाला वीज आपोआप तोडणारी मंडले आणि सौरऊर्जेचे नियंत्रक तयार केले, आणि किरकोळ बिघाड स्थानिक कर्मचाऱ्यांना ओळखता यावेत अशी साधने दिली. मेगाबिट मोजणाऱ्या संशोधकांनी अखेर व्होल्ट मोजायला घेतले.

आज लांब पल्ल्याच्या बिनतारी दुव्यांसाठी विकल्या जाणाऱ्या बाजारातील संचांत वेळवाटपाची पद्धत सर्रास आढळते. अनेक पॅकेटे एकत्र बांधून त्यांची एकच पावती देण्याची सोय वाय-फायच्या नंतरच्या मानकांतही आहे. २०११ साली मंजूर झालेल्या राष्ट्रीय ऑप्टिकल फायबर योजनेने, जी पुढे भारतनेट झाली, ग्रामपंचायतींपर्यंत तंतू नेण्याचे उद्दिष्ट ठेवले. तरी पंचायतीच्या कार्यालयापासून वाड्या-पाड्यांपर्यंतचे शेवटचे काही किलोमीटर उरतातच. आयआयटी मुंबईच्या ‘ग्राममार्ग’ प्रकल्पाने पालघर जिल्ह्यात नेमक्या याच अंतरासाठी बिनतारी दुवे वापरून पाहिले.

कानपूर आणि थेनीच्या या कामात प्रकाशाचा वेग कोणी बदलला नाही. ३७ किलोमीटरची फेरी तेव्हाही २४७ मायक्रोसेकंदांची होती, आजही आहे. पूर्वी यंत्र तो वेळ प्रत्येक पॅकेटनंतर रिकामे बसून काढत असे. आता त्याच वेळात पुढची पॅकेटे हवेत असतात, आणि गावातल्या केंद्रात बसलेल्या रुग्णाला डॉक्टरांचा प्रश्न न तुटता ऐकू येतो.